काळजाचे गणित

आपल्या मराठी भाषेत काळजाला विश्रांती म्हणून नाही. ते धडधडते, त्याचा ठोका चुकतो, त्याचे पाणी पाणी होते, आणि एखाद्याच्या बोलण्याने त्याला घरेही पडतात. कथा-कादंबऱ्यांतून भेटणारे हे काळीज म्हणजे अर्थातच हृदय. पण मटणाच्या दुकानात जाऊन कलेजी मागितली तर दुकानदार हृदय देत नाही; तो यकृत देतो. काळीज या एकाच शब्दाच्या छत्राखाली आपण हे दोन अवयव बसवले आणि सगळा मान मात्र धडधडणाऱ्याला दिला. दुसरे बिचारे बरगड्यांच्या आड, पोटाच्या उजव्या बाजूला, मुकाट्याने काम करीत राहिले.

हे मुकेपण हीच यकृताच्या बाबतीतली खरी अडचण आहे. हृदयाचे ठोके कानांना ऐकू येतात, नाडी बोटांना लागते. यकृताला ठोका नाही, नाडी नाही. ते कसे चालले आहे, हे त्याला विचारायचे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून वैद्यकाने रक्तात रंग सोडून तो किती वेगाने नाहीसा होतो हे मोजण्याची युक्ती शोधली. त्या युक्तीची ही हकिगत आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्यातले गणित शाळेत शिकलेल्या चक्रवाढ व्याजापलीकडे जात नाही. तेव्हा कला शाखेच्या आपल्या मित्रांनी घाबरून पान उलटू नये, ही विनंती!

प्रथम या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ. प्रौढ माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. म्हणजे हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते त्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. हे रक्त दोन वाटांनी येते. सुमारे एक चतुर्थांश रक्त यकृत रोहिणीतून, ताजा प्राणवायू घेऊन येते. उरलेले तीन चतुर्थांश येते ते आतड्यांतून, जेवणातला रस घेऊन. ज्या शिरेतून ते येते तिला प्रवेशिका नीला म्हणतात. यकृताच्या असंख्य पेशींमधून झिरपत दोन्ही प्रवाह एक होतात आणि यकृत नीलांवाटे पुन्हा हृदयाकडे जातात. वाटेत यकृत काही घेते, काही देते, काही विषे मोडून टाकते, काही पदार्थ पित्तातून आतड्यात सोडून देते. या अवयवाला पाच-पंचवीस कामे आहेत. त्यामुळे 'यकृत कसे आहे?' हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

सामान्य माणूस या प्रश्नाचे उत्तर रंगावरून देतो. डोळे पिवळे झाले की कावीळ, आणि कावीळ म्हणजे यकृत बिघडले. हा ठोकताळा अगदीच चुकीचा नाही. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबीन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलून पित्तात टाकते. हे काम तुंबले की पिवळेपणा त्वचेवर आणि डोळ्यांत उतरतो. पण हा रंग फसवा साक्षीदार आहे. पित्तनलिकेत खडा अडकला तर यकृत धडधाकट असूनही माणूस हळदीसारखा पिवळा होतो. उलट, यकृताकडे राखीव ताकद एवढी असते की त्याचा बराच भाग निकामी होऊनही डोळे पांढरेशुभ्र राहू शकतात. काविळीने ग्रासलेल्याला जग पिवळे दिसते असे आपण म्हणतो. खरी गोष्ट अशी की रोग्याला जग सहसा पिवळे दिसत नाही. जगालाच तो पिवळा दिसतो, आणि त्यावरून जग आपला निष्कर्ष काढून मोकळे होते.

अशा निष्कर्षांवरच काविळीची माळ चालते. माळ वाढली, खाली उतरली, म्हणजे कावीळ उतरली! दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय माळेला जाते. येथे काहीतरी वाढताना दिसले हे खरे, पण जे दिसले त्याचा यकृताशी संबंध आहे की नाही हे कोणी तपासले नाही. दिसणे आणि मोजणे यांत हेच अंतर आहे.

मग दवाखान्यात रक्त देऊन आपण जी 'लिव्हर फंक्शन टेस्ट' करून घेतो ती काय मोजते? तिच्या नावात 'फंक्शन' म्हणजे कार्य असा शब्द असला, तरी तिच्यातले सर्वांना पाठ असलेले एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे कार्य मोजत नाहीत. ही विकरे पेशींच्या आत असतात. पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. एखाद्या कापड गिरणीच्या फाटकाबाहेर रोज किती मोडके सुटे भाग फेकले जातात हे मोजावे, तसा हा प्रकार आहे. त्यावरून आत मोडतोड चालली आहे एवढे कळेल. गिरणी दिवसाला किती वार कापड काढते हे कळणार नाही. आणि बहुतेक माग आधीच बंद पडले असतील, तर मोडायलाही फारसे काही उरणार नाही! याच तपासणीतला अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा यकृताच्या उत्पादनाविषयी काही सांगतो खरा. पण एकदा तयार झालेले अल्ब्युमिन रक्तात कित्येक दिवस टिकते, म्हणून ती बातमी शिळी असते.

गिरणीची आजची कुवत पाहायची तर तिला आज एक काम द्यावे आणि घड्याळ लावून बसावे. रंजक निचरा चाचणीची कल्पना नेमकी हीच आहे. यकृताखेरीज दुसरे कोणीही उचलत नाही असे एखादे रंजकद्रव्य शिरेतून रक्तात सोडायचे आणि ते किती वेगाने नाहीसे होते ते पाहायचे.

या दिशेने पहिले पाऊल अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे पडले. फिनॉलटेट्राक्लोरथॅलीन असे जिभेची परीक्षा पाहणारे नाव असलेले रंजक मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते असे १९०९ मध्ये एबल आणि राउनट्री यांना आढळले, आणि १९१३ मध्ये राउनट्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर यकृताची चाचणी बसवली. ती करताना रोग्याची विष्ठा गोळा करून त्यात उतरलेला रंग मोजावा लागे. ही पद्धत लोकप्रिय झाली नाही यात नवल नाही. पुढे सॅनफर्ड रोझेंथाल यांनी प्रश्न उलटा केला. बाहेर किती पडले हे पाहण्यापेक्षा रक्तात किती उरले हे का पाहू नये? १९२५ मध्ये रोझेंथाल आणि व्हाइट यांनी ब्रोमसल्फालीन, म्हणजे संक्षेपाने बीएसपी, या रंजकाची चाचणी पुढे मांडली. शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम रंजक टोचायचे. ४५ मिनिटांनी रक्त घेऊन त्याच्या द्रवात अल्कली टाकायची. रंजक उरले असेल तर जांभळा रंग खुलतो. निरोगी माणसात ५ टक्क्यांहून कमी रंजक उरते. ही चाचणी पुढे कित्येक दशके रुग्णालयांतून चालली.

आता त्या गणिताकडे वळू. साठ किलो वजनाचा एक निरोगी माणूस कल्पनेने समोर बसवा. त्याच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, सुमारे ३ लिटर. त्यात ३० मिलिग्रॅम रंजक मिसळले, तर दर लिटरमागे १० मिलिग्रॅम होते. यकृत दर मिनिटाला यातला साधारण पाचवा हिस्सा द्रव स्वच्छ करते असे समजा. पहिल्या मिनिटात बराच रंग जाईल; दुसऱ्या मिनिटात उरलेल्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे थोडा कमी; तिसऱ्यात आणखी कमी. चक्रवाढ व्याजाने मुद्दल फुगत जाते, त्याच नियमाने येथे ते आटत जाते. हिशोब केला तर सुमारे साडेतीन मिनिटांत रंग निम्मा होतो, सात मिनिटांत पाव उरतो आणि पंधरा मिनिटांनी अवघा ५ टक्के राहतो.

येथे एक पाऊल पुढे टाकता येते. तीन लिटरांचा पाचवा हिस्सा म्हणजे ६०० मिलिलिटर. यकृत दर मिनिटाला ६०० मिलिलिटर रक्तद्रव संपूर्ण स्वच्छ केल्याइतके काम करते. याला म्हणायचे निचरा. पण प्रत्यक्षात यकृतातून जाणारा कोणताही थेंब संपूर्ण स्वच्छ होत नाही. एका फेरीत यकृत ७० टक्के रंग पकडते असे धरले, तर ६०० मिलिलिटरांचा निचरा होण्यासाठी सुमारे ८६० मिलिलिटर रक्तद्रव यकृतातून वाहायला हवा. रक्तात द्रव असतो सुमारे ६० टक्के, बाकीच्या पेशी. त्या जमेस धरल्या की प्रवाह येतो मिनिटाला सुमारे १४०० मिलिलिटर, म्हणजे आरंभी सांगितलेल्या दीड लिटरच्या जवळपास. कोठेही चाकू न लावता, एका रंगाच्या ओसरण्यावरून, आपण शरीराच्या आतल्या नदीचे पाणी मोजले!

पण थांबा. आपण मोजला तो केवळ निचरा. ७० टक्क्यांची पकड आपण गृहीत धरली, आणि सगळी मेख तेथेच आहे. निचरा म्हणजे प्रवाह गुणिले पकड. रंग किती वेगाने जातो हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे: यकृतापर्यंत रक्त किती पोहोचते, आणि पोहोचलेल्या रक्तातून यकृत किती रंग उचलते. गुणाकार कळला म्हणून गुणक कळत नाहीत. बाराचा आकडा दोन सक होतो, तसाच तीन चोकही होतो.

समजा, दोन रुग्ण आहेत. दोघांचाही निचरा निम्म्यावर, ३०० मिलिलिटरवर आला आहे. दोघांच्याही रक्तात पंधरा मिनिटांनी सुमारे २२ टक्के रंग उरतो. पहिल्याचे हृदय थकले आहे. त्याच्या यकृताला रक्तच निम्मे मिळते, पण मिळेल त्यातून ते इमानाने ७० टक्के रंग उचलते. दुसऱ्याला सिऱ्हॉसिस आहे. त्याच्या यकृतात रक्त पूर्वीइतकेच वाहते, परंतु पेशींची जागा चिवट तंतूंनी घेतली आहे आणि काही रक्त आडवाटेने पेशींना न भेटताच निघून जाते. पकड ३५ टक्क्यांवर आली आहे. कागदावर दोघांचा आकडा एक. एकाचा कारागीर कुशल आहे पण कच्चा माल येत नाही. दुसऱ्याकडे माल येतो पण कारागीरच थकला आहे. दोघांना एकच औषध देणारा डॉक्टर निदान एकाच्या बाबतीत तरी चुकेल. (प्रत्यक्ष रुग्णांत दोन्ही गोष्टी थोड्याफार मिसळलेल्या असतात, समजण्याच्या सोयीसाठी येथे त्या वेगळ्या केल्या आहेत.)

ही गाठ सोडवण्याची किल्ली फार पूर्वीच तयार होती. १८७० मध्ये जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग येथे आडोल्फ फिक यांनी एक साधे तत्त्व मांडले. एखादा अवयव मिनिटाला किती पदार्थ उचलतो हे ठाऊक असेल, आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या रक्तातला फरक ठाऊक असेल, तर पहिल्याला दुसऱ्याने भागले की प्रवाह मिळतो. फिक यांनी हा विचार हृदयासाठी मांडला. प्रत्यक्ष मोजमाप मात्र त्यांनी केले नाही, कारण आतले रक्त मिळवायचे कसे हा प्रश्न होता. १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी सरकवली आणि ती वाट मोकळी झाली. तीच वाट थोडी वळवून पुढे यकृत नीलेपर्यंत पोहोचता आले. १९४५ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या यकृतातला प्रवाह या पद्धतीने मोजला. बीएसपी संथ धारेने रक्तात सोडत राहायचे, यकृत नीलेतले आणि इतर शरीरातले रक्त एकाच वेळी घ्यायचे, आणि दोहोंतल्या रंगाची तुलना करायची. आता पकड गृहीत धरावी लागत नव्हती. ती मोजलीच जात होती.

बीएसपीत मात्र दोष होते. शिरेबाहेर सांडले तर ते मांस जाळी. काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येई आणि क्वचित मृत्यूही घडले. पुढे ते मागे पडले. त्याची जागा घेणारे रंजक आले एका अनपेक्षित ठिकाणाहून, फोटोग्राफीतून. कोडॅकच्या प्रयोगशाळेत तयार झालेले इंडोसायनीन ग्रीन हे हिरवे रंजक १९५७ च्या सुमारास मेयो क्लिनिकमध्ये फॉक्स आणि वुड यांनी प्रथम हृदयाचा प्रवाह मोजण्यासाठी वापरले. रक्तात ते सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सर्वांत जास्त शोषते. या ठिकाणी प्राणवायूने भरलेले आणि प्राणवायू गमावलेले रक्त प्रकाश सारखाच शोषतात. त्यामुळे रुग्णाचा श्वास कमी-जास्त झाला तरी मोजमाप बिघडत नाही. शिवाय हे रंजक प्रथिनांना चिकटून रक्तवाहिन्यांतच राहते, फक्त यकृत ते उचलते, आणि जसेच्या तसे पित्तात सोडते.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील गटाने हे रंजक यकृताचा प्रवाह व कार्य या दोन्हींसाठी पारखून पाहिले. या गटाच्या प्रमुख होत्या शीला शेरलॉक. इंग्लंडमधल्या वैद्यकीय विद्यालयांनी प्रवेश नाकारला म्हणून त्या एडिंबरोला जाऊन शिकल्या, आणि १९५९ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. यकृताच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळवून देण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

या आकड्यावर जीव टांगलेला असतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर. यकृताला कर्करोगाची गाठ झाली की तो भाग कापून काढणे हा एक उपाय. निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. परंतु पुष्कळ रुग्णांत गाठ होते तीच मुळी सिऱ्हॉसिसने जर्जर झालेल्या यकृतात. तेथे जास्त कापले तर उरलेले यकृत पुरे पडत नाही आणि शस्त्रक्रिया 'यशस्वी' होऊन रुग्ण दगावतो. कमी कापले तर रोग मागे राहतो. जपानमध्ये हा प्रश्न रोजचा होता. तेथील शल्यविशारद मासातोशी माकुउची यांनी एक पायरीवार नियम घालून दिला. पोटात पाणी नसेल आणि बिलिरुबीन ठीक असेल, तर पंधरा मिनिटांनी उरलेला हिरवा रंग पाहायचा. तो १० टक्क्यांखाली असेल तर यकृताचा मोठा उजवा भागही काढता येतो. १० ते १९ असेल तर सुमारे एक तृतीयांश. २० ते २९ असेल तर एखादा लहान खंड. ३० ते ३९ असेल तर त्याहूनही थोडे. आणि ४० च्या वर गेला तर गाठ तेवढी अलगद सोडवून घ्यायची. वर पाहिलेला २२ टक्क्यांचा सिऱ्हॉसिसचा रुग्ण आठवा. त्याचे डोळे पांढरे असतील, तो स्वतःच्या पायांनी चालत आला असेल. तरी हा आकडा शल्यविशारदाचा हात एका लहान खंडापाशी धरून ठेवतो.

पूर्वी यासाठी पुन्हा पुन्हा रक्त काढावे लागे. आता बोटाला चिमटा लावूनही हे मोजता येते. चिमटा म्हटल्यावर वाचकांना २०२० आणि २०२१ ही वर्षे आठवतील. त्या काळात आपल्याकडे घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि ९४ की ९५ यावर घरातल्यांचा श्वास अडकू लागला. या चिमट्याचे मूळ थेट आपल्या हिरव्या रंगात आहे! १९७० च्या दशकाच्या आरंभी तोक्यो येथील निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी रक्त न काढता, कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून, या रंजकाचा आलेख घेण्याच्या खटपटीत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख थरथरे. ही थरथर दुसऱ्या तरंगलांबीच्या प्रकाशाने खोडून काढावी असा त्यांचा बेत होता. पण रक्तातला प्राणवायू बदलला की ती पुन्हा डोके वर काढी. ज्या गोष्टीने आपले मोजमाप बिघडते तिचेच मोजमाप होऊ शकते, हे त्यांनी ओळखले, आणि १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जगापुढे आली. रंग मोजायला निघालेला माणूस प्राणवायू मोजून परत आला. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी निवर्तले; त्यांचा चिमटा घरोघरी पोहोचण्याची ती सुरुवात होती.

या चाचणीच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. बिलिरुबीन आणि हे रंजक यकृताच्या पेशीत शिरतात ते एकाच प्रकारच्या दारांनी. त्यामुळे जोराची कावीळ असेल तर दारात गर्दी होते, रंग मागे राहतो आणि यकृत आहे त्याहून वाईट भासते. रंजकात आयोडीनचा अंश असल्याने त्याची बाधा होणाऱ्यांना ते जपून द्यावे लागते. आणि हा आकडा सगळ्या यकृताचा मिळून असतो. कापल्यावर जो भाग उरणार आहे तो एकटा कसा वागेल, हे तो सांगत नाही. त्यासाठी स्कॅन करून उरणाऱ्या भागाचे आकारमान वेगळे मोजावे लागते.

आपल्याला, म्हणजे साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना, यातून काय घ्यायचे? आपल्याही विषयांत आकडे येतात: निकालाची टक्केवारी, साक्षरतेचे प्रमाण, दरडोई उत्पन्न. गावातल्या शाळेचा निकाल निम्म्यावर आला की आपण चटकन शिक्षकांना किंवा मुलांना दोष देऊन मोकळे होतो. पण तोही बहुधा एक गुणाकारच असतो. शाळेपर्यंत मुले पोहोचतात किती, आणि पोहोचलेल्यांच्या पदरात पडते किती? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. ब्रॅडली यांनी यकृत नीलेपर्यंत नळी नेली ती नेमका हा दुसरा प्रश्न विचारण्यासाठी. पुढच्या वेळी एखादा आकडा पाहून आपल्या काळजाचा ठोका चुकला, तर दुसरे, मुके काळीजही आठवावे. आणि हा आकडा कोणत्या दोहोंचा गुणाकार आहे, हे आधी विचारावे.